उरलेलं विशेषण

मी एक विशेषण आहे. माझं नाव ‘रंगीन’. मला हात नाहीत, पाय नाहीत, वजन नाही. कुठल्यातरी नामाच्या पुढे उभं राहायचं आणि त्याचं कौतुक करायचं, एवढंच माझं काम. सध्या माझा मुक्काम आदिलाबादेत आहे, एका घराच्या पुढच्या खोलीत, खाटेवर पडून असलेल्या एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात. त्या माणसाजवळ माझ्याशिवाय दुसरा शब्द उरलेला नाही. हे कसं झालं ते सांगतो.

माझा जन्म फारसीतला. ‘रंग’ या शब्दाला ‘ईन’ हा प्रत्यय लागला आणि मी झालो. रंगानं भरलेला, हा माझा सरळ अर्थ. संस्कृतातही एक ‘रंग’ आहे. तो ‘रञ्ज्’ या धातूचा. त्या धातूचा अर्थ रंगणं, आणि लाल होणंसुद्धा. ‘राग’ आणि ‘रक्त’ हे शब्द त्याच घरातले. हे दोन्ही रंग फार मागे एकाच कुळातले असावेत, असं भाषेचे जाणकार मानतात. तेव्हा मी मराठीला परका की नात्यातला, हे मलाही धड सांगता येत नाही.

सुरुवातीला मी कापडाच्या, काचेच्या, फुलांच्या पुढे उभा राहत असे. मग लिहिणाऱ्या लोकांनी मला उचललं. उपमा, अलंकार आणि लांबलचक आदराची संबोधनं यांनी नटलेल्या लिखाणाला ते ‘रंगीन इबारत’ म्हणत. इबारत म्हणजे लिहिण्याची धाटणी. निजामाच्या राज्यात उर्दूच्या बोटाला धरून मी कचेऱ्यांमध्ये शिरलो, आणि कचेरीतून हत्नूरकरांच्या घरात आलो.

हत्नूरकर मूळचे बाजारहत्नूरकडचे. त्यांच्यातले एक आजोबा आदिलाबादेला कचेरीच्या ओसरीवर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. बोलायचं मराठीत, लिहायचं उर्दूत. त्यांचा मुलगा उद्धव शेजारी बसून दौत धरत असे. वडील त्याला सांगत, “मागणी साधी लिहावी. पण सुरुवात रंगीन पाहिजे. साहेब सुरुवातच वाचते.” मुलाच्या तोंडात मी पहिल्यांदा गेलो तो त्या ओसरीवर.

हाच उद्धव पुढे उद्धवराव झाला. तहसील कचेरीत कारकून म्हणून लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. उर्दू गेली, मग तेलुगू आली, मग संगणक आले. उद्धवरावांची इबारत मात्र रंगीनच राहिली. फक्त ती आता मराठीत आली होती. जैनथपासून पैनगंगेच्या काठापर्यंतच्या गावांत कोणी शिक्षक निवृत्त झाला, कोणाची पंचाहत्तरी झाली, की लोक मानपत्रासाठी त्यांच्याकडे येत. ते शाईच्या पेनानं लिहीत आणि स्वतः उभे राहून वाचत. एका मानपत्रात त्यांनी एका शेतकऱ्याविषयी लिहिलं होतं, ‘ज्यांच्या तळहातावर काळ्या मातीनं आपल्या हातानं पहाणी लिहून दिली, असे आपण.’ पहाणी म्हणजे इकडचा जमिनीचा कागद. त्या शेतकऱ्यानं मान खाली घालून आपला हात उघडून पाहिला होता. मी तिथे होतो. मला फार अभिमान वाटला होता.

उद्धवरावांचा रंग मुळात गोरा. साठी उलटल्यावर त्यांचे गाल हळूहळू लाल होत गेले. सत्तरीनंतर तर कपाळ, नाक, कानाच्या पाळ्या, सगळंच लालबुंद दिसू लागलं. त्यांच्या बायकोनं, कुसुमबाईंनी, एकदा त्यांच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. शेजारी म्हणत, काका, आमी पन्नाशीतच वाळून गेलो, तुमचं काय हे! उद्धवराव आरशासमोर टोपी नीट करत आणि म्हणत, “इबारत रंगीन, अन् चेहराबी रंगीन.”

त्या घरात मला अशी दोन कामं लागली. एका बाजूला नटलेली भाषा, दुसऱ्या बाजूला लाल चेहरा. बाहेरच्या जगात तोवर माझे दिवस वाईट आले होते. टीव्हीला ‘रंगीत’ मिळाला होता, फोटोला ‘कलर’. माझ्या वाट्याला उरल्या होत्या त्या चावट गप्पा आणि डोळे मिचकावून सांगितलेले किस्से. त्यामुळे ज्या एका घरात मला पूर्वीचा मान होता तिथे मी पडून राहिलो. आपण या माणसाचं भलं करतोय असंच मला वाटत होतं.

त्यांना चारुशीला ही एकच मुलगी. शेहेचाळीस वर्षांची. तिनं लग्न केलं नाही. इंद्रवेल्लीच्या बाजूला एका शाळेत ती विज्ञान शिकवते. सकाळची बस, संध्याकाळची बस. ती वडिलांशी इकडच्या मराठीत बोलते, मुलांशी तेलुगूत, आणि स्वतःशी फारसं बोलत नाही.

पहिल्यांदा शंका आली ती तिला. वडील आंघोळ करून आले की तासभर अंग खाजवत बसत. साबण बदलून पाहिला, पाणी कोमट करून पाहिलं. फरक पडला नाही. मग डोकं दुखू लागलं. बोटांच्या टोकांना आग होते म्हणून ते लिहिता लिहिता पेन खाली ठेवत. एकदा त्यांनी एका मानपत्रात एकाच माणसाचं नाव दोन ठिकाणी वेगळं लिहिलं. चारुशीलानं ते पाहिलं आणि गुपचूप दुरुस्त केलं.

एका रविवारी ती म्हणाली, “बाबा, एकदा दवाखान्यात जाऊन येऊ. मले हे बरोबर वाटून नाही राह्यलं.”

उद्धवराव हसले. “काऊन? आजारी मानूस असा दिसते का?” आणि त्यांनी शेजारच्या माणसाला हाक मारून विचारलं, की माझ्या चेहऱ्याकडे पाहून सांगा, मी आजारी आहे का. शेजारी म्हणाला, “काकांचा चेहरा तर रंगीन आहे, ताई.” सगळे हसले. कुसुमबाईही हसल्या. विषय संपला.

त्या दिवशी मी साक्षीदार म्हणून उभा राहिलो होतो. आणि माझी साक्ष खोटी होती.

काही महिन्यांनी गल्लीतल्या मंगल कार्यालयात तपासणीचं शिबिर लागलं. चारुशीला वडिलांना हाताला धरून घेऊन गेली. रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी कागद आला. हिमोग्लोबिन एकोणीस पूर्णांक आठ. आकडा ठळक छापला होता आणि त्याच्यापुढे वर बोट दाखवणारा बाण होता. कागद वाटणारा माणूस घाईत होता. तो म्हणाला, इथं सगळ्यांचं रक्त कमी निघून राह्यलं, तुमच्या बाबांचं भरपूर आहे, चांगलं आहे.

चारुशीला विज्ञानाची शिक्षिका. पुरुषात हा आकडा किती असावा हे ती दर वर्षी फळ्यावर लिहून देते. ती घरी येऊन म्हणाली, की हे जास्त आहे, जास्त असणंही बरं नसते. उद्धवरावांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, आणि म्हणाले, “पाह्य, रक्तबी रंगीन निंगालं.” कुसुमबाईंनी तो कागद देवासमोर ठेवून मग कपाटात ठेवला.

चारुशीलानं तो विषय सोडला. परीक्षांचे दिवस होते, तिला दुसऱ्या गावाला ड्युटी होती. वडिलांशी वाद घालायचा म्हणजे त्यांच्या लांबलचक वाक्यांशी वाद घालायचा, आणि त्यात ती लहानपणापासून हरत आली होती. शिवाय, हे मी तिच्या बाजूनं सांगतो, तिलाही तो चेहरा आवडत होता. सकाळी बससाठी निघताना तो लाल, हसरा चेहरा दारात उभा असायचा. असा चेहरा पाहून वाईट विचार मनात टिकत नाही. दहा महिने कागद कपाटात राहिला.

उद्धवरावांचा एक जुना मित्र होता, भिवाजी. जैनथकडच्या एका गावात कापूस आणि ज्वारी करणारा. दोघं लहानपणी एका शाळेत होते. एकाला शब्दांची आवड लागली, दुसऱ्याला शब्दांचा कंटाळा. भिवाजींना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा गावातल्या लोकांनी देवळासमोरच्या मांडवात त्यांचा सत्कार ठरवला. उद्धवराव मानपत्र लिहायला बसले. भिवाजी स्वतः येऊन सांगून गेले होते, “दोन ओळी लिहा, उद्धवराव. मले गावात कोन वळखत नाही?” पण उद्धवरावांनी तीन पानं लिहिली. मित्राचं मानपत्र होतं ते. त्यात मी चार ठिकाणी होतो.

माघ महिना होता. सकाळी अकराची वेळ. घरोघरी कापसाचे ढीग, मांडवात मुलं, म्हातारी माणसं, शाल, नारळ, हार. भिवाजी कोऱ्या धोतरात खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. उद्धवराव उभे राहिले. कुसुमबाई आणि चारुशीला पहिल्या रांगेत होत्या. त्या दिवशी उद्धवरावांचा चेहरा इतका लाल होता, की भिवाजींची सून सपना कुसुमबाईंच्या कानाशी लागून म्हणाली, काका नवरदेवासारखे दिसून राह्यले.

पहिलं पान नीट वाचून झालं. लोकांनी दोनदा टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या पानावर वाक्य होतं, ‘आपलं आयुष्य वरून मातीसारखं साधं, पण आतून रंगीन.’ उद्धवराव ‘रंगीन’ म्हणाले आणि थांबले. पुन्हा म्हणाले, “रंगीन.” मग पुन्हा.

लोकांना वाटलं हा वाचण्याचा ढंग आहे. ते नेहमीच एखादा शब्द दोन-तीनदा घोळवून म्हणत. मांडवातून वाहवा उठली. कोणी टाळ्या वाजवल्या. उद्धवरावांनी पुन्हा मलाच उच्चारलं, आणि त्यांच्या उजव्या हातातली पानं एकेक करून खाली पडली. ते पानांकडे पाहत राहिले. तोंडाची उजवी बाजू उतरली होती.

टाळ्या वाजत असताना एकटे भिवाजी खुर्चीवरून उठले. गळ्यातला हार तसाच होता. त्यांनी उद्धवरावांना कमरेला धरलं आणि ऑटो आणायला सांगितलं.

आदिलाबादेपर्यंतच्या रस्त्यावर, ऑटोत, डोकं मुलीच्या मांडीवर ठेवून, उद्धवराव माझाच उच्चार करत होते. हळू, मग जोरात, मग हळू. कुसुमबाई त्यांचे पाय चोळत होत्या आणि सारखं म्हणत होत्या, हो, हो, ऐकून राह्यली मी.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं रक्त काढायला सुई लावली तेव्हा रक्त नळीत चटकन आलं नाही, काळपट आणि जड आलं. संध्याकाळी तिनं चारुशीलाला बोलावून घेतलं. ती तेलुगूत बोलत होती. “रक्तम चिक्कगा उंदि,” ती म्हणाली. रक्त दाट झालं आहे. मग तिनं नीट समजावलं. हाडांच्या आत रक्त तयार होतं, ते गरजेपेक्षा फार जास्त तयार होऊ लागलं होतं. कित्येक वर्षांपासून असावं. आंघोळीनंतरची खाज, डोकेदुखी, बोटांची आग, सगळं त्याचंच. दाट रक्ताची गाठ मेंदूच्या डाव्या बाजूला अडकली. तिथेच बोलण्याची जागा असते. शेवटी तिनं विचारलं, की चेहरा इतका लाल कधीपासून आहे, आणि आधी कधी रक्त तपासलं होतं का.

चारुशीलानं पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. दुसऱ्याचं दिलं नाही.

बाहेर बाकावर कुसुमबाई बसल्या होत्या. त्यांना तेलुगू येत नाही. त्यांनी विचारलं, काय म्हणते डॉक्टरीण. चारुशीलानं सगळं सांगितलं, फक्त चेहऱ्याचं तिला सांगता येईना. पण कुसुमबाईंनीच विचारलं, “म्हणजे ते लाल दिसत होते ते?”

“आजार होता आई.”

कुसुमबाईंनी पदर तोंडाला लावला. मी ज्या लालीपुढे इतकी वर्षं मिरवत उभा होतो ती तब्येत नव्हती. ती धोक्याची खूण होती. ती सगळ्यांना दिसत होती, आणि ज्यानं ती दिसूनही कळू दिली नाही तो मी. मी कोणाचा जीव घेतला नाही. पण मी आड उभा राहिलो. माझं नाव घेतलं की लोकांचं पाहणं संपत असे.

तीन आठवड्यांनी उद्धवराव घरी आले. उजवा हात आणि उजवा पाय निकामी. त्यांना बोललेलं बरंचसं कळतं. हाक मारली की बघतात, वाईट बातमी ऐकली की डोळे भरतात. पण बोलायला गेले की एकच शब्द बाहेर येतो. मी.

पाणी हवं असेल तर ‘रंगीन’. कूस बदलायची असेल तर ‘रंगीन’. पंखा बंद करा, ‘रंगीन’. मुलीला हाक मारायची, ‘रंगीन’. मेंदूला अशी इजा झाली की काही माणसांजवळ एखादाच शब्द राहतो आणि तोच सगळीकडे येतो, असं डॉक्टरिणीनं सांगितलं. तोच शब्द का? गाठ अडकली त्या क्षणी मी जिभेवर होतो, एवढंच मला माहीत आहे.

लोकांना वाटतं त्यांना कळत नाही. त्यांना कळतं. मी आतून पाहतो. ते ‘पाणी’ म्हणायला निघतात. पाणी त्यांना दिसत असतं, गडू दिसत असतो. शब्द दारापर्यंत येतो आणि दारात मी असतो. मी बाजूला सरकायचा प्रयत्न केला. शब्दाला सरकता येत नाही. मग ते मलाच उच्चारतात, स्वतःच्या कानांनी ऐकतात आणि डोळे मिटून घेतात. आयुष्यभर ज्यांनी एका गोष्टीसाठी दहा शब्द वापरले, त्यांना आता दहा गोष्टींसाठी एकच आहे. आणि तो असा, की ज्यानं तहान भागत नाही.

चारुशीलानं शाळेतून चित्रांची कार्डं आणली. लहान मुलांची. केळं, गाय, ग्लास. रोज संध्याकाळी बसमधून उतरली की हातपाय धुऊन ती त्यांच्यासमोर बसे आणि ग्लासाचं चित्र धरून म्हणे, पा. म्हणा बाबा, पा. उद्धवराव तिच्या ओठांकडे एकटक पाहत. ओठ मिटत. सगळं जमतंय असं वाटे. मग मी. असं तीन महिने चाललं. एक दिवस त्यांनी डाव्या हातानं कार्डं उडवून दिली आणि भिंतीकडे तोंड केलं. चारुशीलानं कार्डं गोळा करून रबर लावलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत परत नेऊन दिली.

भेटायला लोक येत. एकदा वरोऱ्याकडचे एक पाहुणे आले. त्यांनी मोठ्यानं विचारलं, काय उद्धवराव, तब्येत कशी? उद्धवराव म्हणाले, “रंगीन.” पाहुण्यांना हसू आवरलं नाही. ते हसून म्हणाले, या वयातही! कुसुमबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या चहा न देता परत फिरल्या. त्यानंतर त्या येणाऱ्यांना ओसरीवरच बसवू लागल्या. आत फक्त भिवाजींना जाऊ देत.

भिवाजी दर गुरुवारी येतात. खाटेजवळ स्टुलावर बसतात. बोलत नाहीत. एकदाच बोलले होते. म्हणाले, “तीन पानं कायले लिहिली, उद्धवराव? मी काय मागतली होती?” उद्धवरावांनी मला उच्चारलं. भिवाजींनी मान हलवली. मानपत्राची पडलेली पानं कोणी उचलली, कुठे गेली, हे भिवाजींनी कधीच कोणाला विचारलं नाही.

उपचार म्हणून दर काही आठवड्यांनी त्यांच्या अंगातून बाटलीभर रक्त काढून टाकतात. त्यासोबत गोळ्या आहेत. रक्त पातळ राहतं, पुन्हा गाठ होण्याची भीती कमी होते. पण चेहऱ्यावरची लाली गेली. आता गाल मेणासारखे दिसतात. कुसुमबाई दाढी करून देतात तेव्हा कधीकधी गालावर अंगठा दाबून पाहतात. मग अंगठा काढून घेतात.

म्हणजे माझी दोन्ही कामं संपली. नटलेली भाषा नाही, लाल चेहरा नाही. ज्यांच्यामुळे मला अर्थ होता ते दोन्ही अर्थ या माणसातून निघून गेले, आणि नुसता मी राहिलो, पोकळ, दिवसातून शंभर वेळा उच्चारला जाणारा.

पावसाळ्याच्या शेवटी, एका रविवारी दुपारी, कुसुमबाई शेजारी आशाबाईंकडे गौरीच्या तयारीला गेल्या होत्या. चारुशीला कपाटातून तो जुना कागद घेऊन आली. शिबिराचा. ती खाटेच्या कडेवर बसली. बराच वेळ तिनं कागदाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

मग म्हणाली, “बाबा, हे मी वाचलं होतं.”

उद्धवरावांनी तिच्याकडे पाहिलं.

“एकोनीस पॉइंट आठ. मले मालूम होतं जास्त आहे. वर्गात मी हेच शिकवते. मी तुमाले ओढून न्यायला पाह्यजे होतं. तुमी हसले, अन् मी सोडून दिलं. मले वाटलं असू दे.” ती हिशेबातली चूक सांगावी तसं सांगत होती. “आईले हे सांगितलं नाही मी. डॉक्टरिणीलेबी नाही. तुमाले सांगून राह्यली.”

उद्धवरावांनी डावा हात पुढे केला. तिनं कागद हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, आकडा पाहिला, वरचा बाण पाहिला. कागद छातीवर ठेवला. मग त्यांचे ओठ हलले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, आणि ते लहान नव्हतं. मी ते आतून येताना पाहिलं. त्यात खूप शब्द होते, एकमेकांना धरून आलेले, त्यांच्या चांगल्या दिवसांतल्यासारखे. ते सगळे दारापर्यंत आले.

“रंगीन,” उद्धवराव म्हणाले. अगदी हळू.

चारुशीला त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. तिला कळेना, की तिला माफ केलं, की दोष दिला, की जाऊ दे म्हटलं, की फक्त पाणी मागितलं. तिनं विचारलं, “बाबा, काय म्हणून राह्यले?” त्यांनी पुन्हा मलाच उच्चारलं. ती उठली, ग्लासात पाणी आणलं. त्यांनी घेतलं नाही. ती ग्लास हातात धरून उभी राहिली, आई परत येईपर्यंत.

त्या दिवशी मी कोणत्या अर्थानं बाहेर पडलो हे मलाही माहीत नाही. मागे जे शब्द होते ते मी पाहिले, पण वाचू शकलो नाही. माझ्यासारख्या शब्दाला याहून मोठी लाज नाही. त्या मुलीला ते उत्तर हवं होतं, तिला ते आयुष्यभर हवं असणार आहे, आणि ते द्यायला तिथे फक्त मी होतो.

त्यानंतर चारुशीलानं इंद्रवेल्लीकडून बदली मागितली, घराजवळच्या शाळेसाठी. अजून मिळालेली नाही. सकाळी निघताना ती आता वडिलांच्या पापण्या खाली ओढून बघते, नखं बघते, तळहात बघते. वर्गात शिकवताना ती म्हणते, रक्त कमी असणं वाईट, आणि जास्त असणंही वाईट, आणि डोळ्यांना काय दिसतं त्यावर जाऊ नका. मुलं ते वहीत उतरवून घेतात.

तुम्हालाही माझं तेवढंच सांगणं आहे. मला भाषेत ठेवा अगर ठेवू नका. माझ्यासारखी सुंदर विशेषणं तुमच्याकडे खूप आहेत, आम्ही सगळे पटकन जिभेवर येतो आणि बोलणाऱ्यालाही बरं वाटतं. पण घरातल्या माणसाच्या चेहऱ्यापुढे आम्हाला उभं करून पुढे जाऊ नका. आम्हाला बाजूला सारा आणि त्या माणसाला विचारा, की तुला आत काय होतंय. आणि कोणी असं विचारत असेल, तर माझ्या आडून तिला हसून गप्प करू नका.

दिवाळी झाल्यापासून उद्धवराव मला कमी बोलवतात. पूर्वी शंभर वेळा, मग तीस-चाळीस, मग दहा-बारा. डॉक्टरीण म्हणते थकवा असेल. मला तसं वाटत नाही. बोलून काही पोहोचत नाही हे त्यांनी ओळखलं असावं. मोठा लेखनिक तो, निरुपयोगी शब्द कापायची सवय त्याला उशिरा लागली.

आज सकाळी कुसुमबाईंनी त्यांना उशी देऊन बसवलं, बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि दोन घोट पाजले. मग रोजच्यासारखं विचारलं, “साखर बराबर आहे का?”

उद्धवरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मी तयार होतो, जिभेच्या अगदी टोकाशी. मला वाटलं आता हाक येईल. ती आली नाही. त्यांनी ओठ मिटले आणि खिडकीबाहेर पाहिलं.

मग कुसुमबाईंनी स्वतःच त्या बशीतला एक घोट घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, “बराबर आहे.”